तुम्ही विचारलंत म्हणून: डिफ (म्हणजे डिफरन्शियल, इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच) बदलल्यावर गाडी किती पळायला लागली?

पळायला लागली नाही. होती तेवढीच पळते.

एवढ्या उत्तरावर विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग दुसरा प्रश्न ठरलेला: "मग एवढा खटाटोप कशाला केलात?" हा जास्त चांगला प्रश्न आहे, म्हणून त्याचंच उत्तर देते.

गाडी बीएमडब्ल्यू ३३५आय. तीन लिटरचं इंजिन, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती, आणि हा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. गाडी मूळची येते ती ओपन, म्हणजे साध्या डिफरन्शियलसह. मी तो काढून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एका चाकाचं गरगरणं मर्यादित ठेवणारा एलएसडी बसवला. (या नावावरून होणारे सगळे विनोद ऐकून झालेत. नवा सुचला तरच सांगा.)

ओपन डिफला लोक उगाच शिव्या घालतात. तो फार हुशार यंत्र आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर पूर्ण यू-टर्न घेताना बाहेरचं चाक सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण चिंचोळं असो की ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली असती, तर प्रत्येक वळणावर एक टायर फरफटला असता. ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच माणसाने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं, आणि तेव्हाची कल्पना आजही जवळजवळ तशीच चालू आहे.

अडचण त्याच्या समान वाटपात आहे. "ओपन डिफ सगळा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) सुटलेल्या, म्हणजे पकड गेलेल्या चाकाला देतो" असं सर्रास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. तो दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतो, एकाला कमी आणि एकाला जास्त देणं त्याला येतच नाही. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, आतल्या चाकावरचं वजन उतरतं. समजा ते आतलं चाक ५०० न्यूटन मीटरच पेलू शकतं आणि बाहेरचं १५००. आतल्याने ५०० ला हात टेकले की बाहेरच्यालाही ५००च मिळणार. एकूण हजार. बाहेरच्या चाकाची उरलेली ताकद तशीच पडून राहते आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबाल तेवढं आतलं चाक नुसतं गरगरतं. या गाडीत दुसऱ्या गिअरला इंजिनचा टॉर्क सात पटींहून जास्त होऊन मागच्या एक्सलला पोचतो, त्यामुळे ५०० ची मर्यादा गाठायला पायाचा अंगठाही पुरतो.

गाडीतला कॉम्प्युटर यावर तोडगा काढतो: गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. ब्रेकने खोटा विरोध तयार झाला की डिफ फसतो आणि बाहेरच्या चाकालाही तेवढाच जास्त टॉर्क देतो. युक्ती चांगली आहे, रोजच्या वापराला पुरतेसुद्धा. पण इंजिनने कमावलेलं ब्रेकमध्ये जाळायचं, असा तो हिशोब आहे. रेसच्या ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या झाल्या की मागच्या ब्रेकचा वास येऊ लागे, आणि मी तर ब्रेक तेवढे दाबतच नव्हते! कोण दाबतंय ते कळायला मला बराच वेळ लागला.

हे दुखणं जुनं आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी केलेली ग्रांप्री गाडी एवढी जोरदार होती की तिचं एक मागचं चाक भरवेगातही सुटायचं. १९३५ साली त्यांनी झेडएफ या कंपनीला त्यावर उपाय शोधायला सांगितलं आणि त्यातून घसरण मर्यादित ठेवणारा डिफ आला.

आज बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत. एक प्लेटवालं. त्यात क्लचसारख्या चकत्यांचा गठ्ठा असतो. इंजिनचा जोर आला की मधली आडवी पिन उतरत्या खाचांवर चढते, चकत्या दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. खाचांचा कोन बदलून तो फक्त ॲक्सिलरेटरवर लॉक व्हावा (वन-वे), की पाय काढल्यावरही (टू-वे), हे ठरवता येतं. दुसरं घराणं गिअरवालं. त्यात चकत्या नसतात, तिरक्या दातांचे गिअर असतात आणि जोर आला की ते आपापल्या खोबणीत दाबले जाऊन घर्षण तयार करतात. टॉर्सन हे नाव याच घराण्यातलं. व्हर्नन ग्लीसमन यांचं त्यावरचं पेटंट १९५८ चं.

मी गिअरवाला घेतला. एका मित्राच्या गाडीत टू-वे प्लेट डिफ आहे, तिच्यातून एकदा पार्किंगमध्ये वळले, तेव्हाच निर्णय झाला. मागून कड-कड-कड आवाज, गाडी धक्के खातेय, बाजूने जाणारा माणूस थांबून चाकाकडे बघतोय, आणि मित्र मजेत म्हणतो, "नॉर्मल आहे." त्याच्यासाठी असेलही. तो गाडी ट्रॅकवरच चालवतो. शिवाय चकत्या झिजतात, त्यांना घर्षण सांभाळणारं खास तेल लागतं, आणि दोन टायर कमीजास्त झिजलेले असले की त्या सरळ रस्त्यावरही विनाकारण घासत राहतात. रोज वापरायच्या गाडीला मी तो सुचवणार नाही.

गिअरवाल्याची एक खोड मात्र माहीत असू द्या. तो कमकुवत चाकाच्या पटीत मजबूत चाकाला देतो. पट अडीच असेल तर वरच्या उदाहरणात आतल्याला ५००, बाहेरच्याला १२५०, एकूण १७५०. हजाराच्या जागी साडेसतराशे! पण आतलं चाक हवेत उचललं गेलं, तर शून्याची अडीच पट शून्यच. तेव्हा हलकासा ब्रेक लावला की शून्याचं काहीतरी होतं आणि गाडी पुन्हा ढकलू लागते. कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) चाक उचलायची सवय असेल तर प्लेटवालाच बरा.

आता बसवण्याबद्दल, कारण मनस्ताप तिथेच झाला.

डिफ म्हणजे दोन बोल्ट काढून दोन लावायचा भाग नाही. क्राऊन आणि पिनियन हे दोन गिअर एकमेकांत किती खोल बसतात, त्यांच्यात किती मोकळीक राहते, हे सगळं बेअरिंगशेजारच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिम्सनी ठरतं. मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासची असते. नवीन डिफचं माप जुन्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून शिम्स नव्याने मोजून घालाव्या लागतात. पहिल्या गॅरेजवाल्यांनी जुन्याच शिम्स परत लावल्या. मला तेव्हा काय माहीत. गाडी घरी आणली, खूश होते. दुसऱ्या दिवशी ऐंशीच्या वेगाला मागून बारीक 'हूंऽऽ' सुरू झालं. पाय काढला की थांबायचं, दाबला की परत. कानाशी डास असावा तसं. "नवीन आहे, रुळेल" असं मला सांगण्यात आलं. क्राऊन-पिनियनचा असा आवाज आपोआप रुळत नसतो. दात चुकीच्या जागी घासत राहतात आणि झिजून ती चूकच पक्की होते.

दुसऱ्या मेस्त्रीने सगळं उघडलं. दातांना पिवळा रंग लावून गिअर हाताने फिरवले आणि मला बोलावून दाखवलं: रंग दाताच्या मध्यावर पुसायला हवा होता, तो कडेला पुसला गेला होता. मग तासभर डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं यंत्र) लावून मापं, एक शिम काढ, दुसरी घाल, परत रंग, परत फिरव. क्राऊनचे बोल्ट त्याने नवे मागवले, जुने परत लावायला साफ नकार दिला. त्या माणसाचा मला फार धीर वाटला. तुम्ही कुणाकडे काम द्यायच्या विचारात असाल, तर "किती दिवस लागतील" याआधी "दातांवरचा रंग मला दाखवाल का" हे विचारा. उत्तरात टाळाटाळ वाटली तर गाडी परत आणा. आणि तुमच्या गाडीत क्राऊन बोल्टने बसवलेला आहे की वेल्ड केलेला, हे डिफ विकत घेण्याआधी बघा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तो वेल्डच असतो, मग काम वेगळंच होतं.

अजून एक घाबरवणारा प्रसंग. दोन्ही मागची चाकं उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून एक चाक हाताने फिरवलं, तर एलएसडीमध्ये दुसरं त्याच दिशेला फिरतं, असं मी ऐकलं होतं. माझं उलट दिशेला फिरलं, अगदी ओपन डिफसारखं. मला वाटलं फसवलं! मेस्त्री हसला. ती परीक्षा प्लेटवाल्याची, ज्यात चकत्या आधीच थोड्या दाबून बसवलेल्या असतात. गिअरवाला जोर आल्याशिवाय बरेचदा जागाच होत नाही. (यावरून आठवलं: एलएसडी असलेली गाडी एकच मागचं चाक उचलून गिअरमध्ये कधीही सुरू करू नका. जमिनीवरचं चाक तिला जॅकवरून उतरवू शकतं.)

बदललं काय? वळणातून बाहेर पडताना मी आता आधी पाय देते. पूर्वी स्टिअरिंग जवळजवळ सरळ होईपर्यंत थांबायचे. आता वळणाच्या मध्यापासून हळूहळू दाबत जाते आणि गाडी मागून ढकलत, किंचित आत ओढत बाहेर निघते. घड्याळात दिसतो तो फायदा थोडा. तेवढाच फायदा चांगल्या टायरमधून मिळतो, म्हणून टायर जुने असतील तर आधी ते बदला, डिफ नंतर.

आणि एक किंमत आहे, ती कुणी सांगत नाही. ओपन डिफ सौम्यपणे चुकतो. आतलं चाक गरगरतं, पण बाहेरचं गाडीला धरून ठेवतं. एलएसडीमध्ये सुटायची वेळ आली की दोन्ही चाकं एकदम सुटतात, आणि धरून ठेवायला मागे कुणी उरत नाही. पहिल्या पावसात एका चौकातून वळताना नेहमीएवढाच पाय दिला आणि गाडीचं ढुंगण शांतपणे शेजारच्या लेनकडे निघालं. स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरती गाडी सावरणारी कॉम्प्युटरची यंत्रणा) चालू होतं, त्याने सावरलं. ओल्या रस्त्यावर ते मी तेव्हापासून बंद केलेलं नाही.

गेल्या महिन्यात एक मैत्रीण म्हणाली, दाखव तरी काय केलंस ते. सरळ रस्त्यावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. ट्रॅकवर नेलं. ज्या वळणावर पूर्वी चाक सुटल्याचा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा हमखास लुकलुकायचा आणि इंजिन गुदमरायचं, तिथून दोनदा निघालो. तिने दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काहीच झालं नाही की."

"हो ना," मी म्हटलं, आणि तिसऱ्यांदा निघालो.