खिद्रापुरातली अडलेली म्हैस

खिद्रापूर म्हटलं की लोकांना कोपेश्वराचं देऊळ आठवतं. ४८ खांबांचा, वर गोल आभाळ दिसणारा स्वर्गमंडप, यादव राजा सिंघणाचा शिलालेख, आणि समोर नसलेला नंदी. तो नदीपलीकडे कर्नाटकात, यडूरला आहे असं गावकरी सांगतात. मी पशुवैद्यक, त्यामुळे मला हे गाव गोठ्यांतून कळलं. शिरोळ तालुक्याच्या या टोकाला घरं ऊस आणि दुधावर चालतात, आणि पावसाळ्यात कृष्णा फुगली की दोन्हींवर घाला येतो.

जुलै २०२१ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा २०१९ चा महापूर कुणी विसरलं नव्हतं. कोयनेचा विसर्ग, राजापूर बंधाऱ्याची पातळी, अलमट्टीतून सुटणारं पाणी, हे आकडे शाळकरी पोरांच्याही तोंडी होते. गल्लोगल्ली ट्रॉल्या भरत होत्या. आधी जनावरं, मग धान्य, मग माणसं. मी छावणीत न्यायची जनावरं तपासत होतो, तेवढ्यात एक आजी आल्या.

"डॉक्टर, म्हस अडलीया. पहाटेपासनं कळा देतीया, पर फुडं काय न्हाई."

हात आत घातला तर वाट मळसूत्रासारखी उजवीकडे वळलेली. गर्भाशयाला पीळ! म्हशींमध्ये हे नेहमीचं, पण सोडवायला माणसं लागतात. म्हैस उजव्या कुशीवर पाडायची, पोटावर फळी ठेवून तिचं खालचं टोक जमिनीला टेकवायचं, फळीवर एकाने उभं राहून गर्भाशय दाबून धरायचं आणि बाकीच्यांनी पायांचे दोर ओढून म्हशीचं अंग उजवीकडेच फिरवायचं. आतलं स्थिर राहतं, बाहेरचं शरीर फिरून त्याला गाठतं आणि पीळ उलगडतो.

गाव रिकामं होत असताना माणसं कुठून आणायची, हा विचार मनात येईपर्यंत गोठा भरला होता. ज्यांच्या ट्रॉल्या निम्म्या भरल्या होत्या ते हातातलं टाकून आले. एकाने जनावरं चढवायची फळीच ट्रॉलीवरून काढून आणली. आजी म्हशीच्या डोक्याशी बसून तिच्या कानामागे खाजवत राहिल्या. दारात एक पोरगा पाण्याच्या कडेला रोवलेली काठी बघून येऊन सांगायचा, "चार बोटं चढलं." कुणी घाई केली नाही.

पहिल्या वेळी पीळ तसाच राहिला. म्हशीला दम खाऊ दिला, पुन्हा फिरवली. या वेळी आत हात घातला तर वाट सरळ, आणि बोटांना पिल्लाचे पुढचे पाय लागले. कळेबरोबर हळूहळू ओढलं. रेडी होती, जिवंत! नाकातला चिकटा काढून गोणपाटाने अंग चोळलं, तेव्हा ती शिंकली आणि सगळा गोठा एकदम बोलायला लागला.

सलाइन संपल्यावर म्हैस उठली. त्याच फळीवरून तिला ट्रॉलीत चढवलं, रेडीला आजींनी मांडीवर घेतलं. वार रात्री छावणीत पडली.

पूरग्रस्त गावांत गाभण जनावरांना पहिल्या ट्रॉलीत जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पाण्यात अडलेल्या म्हशीला वाचवता येत नाही. त्या दिवशी निघायच्या आधी आम्ही उरलेल्या गाभण म्हशींच्या शिंगांना गेरू फासला, म्हणजे पुढच्या खेपेला आधी कोण, हे कुणाला विचारावं लागू नये.