व्हॅनमधून काम करायचंय? मग आधी रेंज बघा, व्ह्यू नंतर

आमच्या कॅम्पर व्हॅनबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात की बाथरूमचं काय करता, स्वयंपाक कुठं करता, रात्री भीती नाही का वाटत. हे सगळं जमतं हो. खरा प्रश्न इंटरनेटचा असतो, कारण मी आणि नवरा दोघंही नोकरी करत फिरतो आणि सोमवारी सकाळी मीटिंगला आवाज तुटायला लागला की समोर भंडारदऱ्याचं कितीही सुंदर पाणी असलं तरी त्याकडं बघावंसं वाटत नाही.

नाशिकहून निघालं की हायवेला काही टेन्शन नसतं. ओझर, पिंपळगाव, चांदवड मस्त. पण पेठ, हरसूल, सुरगाणा, किंवा त्र्यंबकच्या पुढं मोखाडा-जव्हारकडे उतरायला लागलं की खेळ बदलतो. आपला सह्याद्री म्हणजे काळा बेसॉल्ट, त्यातून सिग्नल आरपार जात नाही, डोंगर मधे आला की विषय संपला. म्हणून दरीत नदीकाठी गाडी लावली तर शून्य आणि तोच रस्ता थोडा वर चढून पठारावर आलं की दोन्ही फोन टणाटण वाजायला लागतात, असं कित्येकदा होतं. माझं स्पष्ट मत आहे की गाडी कुठं लावता यावर निम्म्याहून जास्त इंटरनेट ठरतं, मशीनवर नाही.

आणि जागा शोधायला सगळ्यात भारी अॅप म्हणजे टपरीवाले काका. हरसूलकडं एकांनी चहा देता देता विचारलं, "ताई, रेंज पाहिजे का? मग इथं नका थांबू, त्या पाण्याच्या टाकीजवळ जा, पोरं तिथंच बसत्यात." गेलो, आणि खरंच दिवसभर काम झालं. प्रत्येक पाड्याला अशी एक जागा असते. सरकारचं तरंग संचार पोर्टल पण आहे, 2017 पासून, त्यात जवळचे टॉवर आणि त्यावर कोणत्या कंपन्या आहेत ते दिसतं, निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर तेवढं बघून घ्यायचं.

फोनवरच्या दांड्यांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. सेटिंगमध्ये सिम स्टेटसला किंवा राउटरच्या पानावर डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा दिसतो तो बघायचा. उणे 80-85 च्या आसपास असेल तर राजेशाही, उणे 100 ला काम चालतं, उणे 110 च्या पुढं गेलं की व्हिडिओ कॉलची आशा सोडा आणि उणे 120 ला मेसेज गेला तरी खूप. यात 10 चा फरक म्हणजे ताकद 10 पट कमी-जास्त, त्यामुळे गाडी जरा पुढं-मागं करून 5-6 डीबी मिळाले तरी ते फार मोठं असतं.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. डाउनलोड छान येतो, यूट्यूब चालतं, तरी मीटिंगमध्ये आपला आवाज का जात नाही? कारण टॉवर दणकून ओरडतो पण आपला फोन फक्त 200 मिलीवॅटवर बोलतो, टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला नाही. त्यात व्हॅनची बॉडी पत्र्याची, म्हणजे आतला फोन अजून दबतो. म्हणून छतावर बाहेरून अँटेना आणि आत सिमवाला राउटर, हा खर्च मला शंभर टक्के पटतो. अँटेना दोन वायरींची, म्हणजे मिमोवाली घ्या. राउटर छताला लागूनच्या कपाटात ठेवा आणि केबल जितकी छोटी ठेवता येईल तितकी ठेवा, लांबलचक पातळ केबल टाकली की अँटेनाने कमावलेलं सगळं केबलच खाऊन टाकते. राउटर 12 व्होल्टचा मिळाला तर थेट बॅटरीवर चालतो, इन्व्हर्टर लावायची गरज नाही. आणि शक्यतो बँड लॉक करता येणारा, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर जोडायचं ते आपल्याला ठरवता येणारा बघा, कारण 850 किंवा 900 मेगाहर्ट्झ लांब पोचतं आणि डोंगराच्या कडेनं थोडं वळतं पण, 2300 चं स्पीड जास्त पण टॉवर जवळ लागतो, आणि राउटर स्वतःहून नेमका चुकीचा बँड धरून बसतो.

अमेरिकेतल्या आरव्हीवाल्यांचे, म्हणजे आपल्यासारख्याच घरवाल्या गाड्यांतून फिरणाऱ्यांचे, व्हिडिओ बघून सिग्नल बूस्टर मागवायच्या विचारात असाल तर कृपया नको. तिकडं ते कायदेशीर आहे, आपल्याकडं खासगी माणसाने बूस्टर म्हणजे रिपीटर लावणं बेकायदेशीर आहे, ऑनलाइन विकायला दिसला तरी. आणि नियम बाजूला ठेवला तरी त्याने त्या टॉवरवरच्या बाकीच्या लोकांचं नेटवर्क बिघडतं, म्हणजे आपल्या मीटिंगसाठी पाड्यावरच्या बाईचा दवाखान्याला लागणारा फोन तुटणार. मला हे चालत नाही. साधी अँटेना काही जोरात ओरडत नाही, ती फक्त नीट ऐकते आणि नीट पोचवते, तिला काही अडचण नाही. सॅटेलाइट फोनचंही तेच, परवानगीशिवाय इथं बाळगायचा नाही, बाहेरून येणारे ट्रेकर यात अडकलेत.

सिम दोन वेगळ्या कंपन्यांची हवीतच, पण त्यात पण एक मेख आहे. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना एकाच टॉवरवर लटकलेल्या असतात, जागा आणि वीज शेअर करतात. पावसाळ्यात लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली की दोन्ही सिम एकदम मेलेली. म्हणून आम्ही तिसरं बीएसएनएलचं ठेवलंय, त्यांचे टॉवर बऱ्याचदा वेगळ्या जागी असतात आणि सप्टेंबर 2025 मध्ये देशी बनावटीचं 4जी अधिकृतपणे सुरू झाल्यापासून त्याच्याकडून माझी अपेक्षा वाढलीये. शिवाय जानेवारी 2025 पासून सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर जिओ, एअरटेल, बीएसएनएल एकमेकांचं 4जी वापरू शकतात, आडगावात अचानक रेंज आली तर ते कारण असू शकतं. आणि आपल्या सिमला काहीच रेंज नसली तरी 112 लावून बघा, आसपास दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नेटवर्क असेल तर त्यावरून लागतो, हे घरातल्या मोठ्या माणसांना पण सांगून ठेवा.

राहिली गर्दी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते तेव्हा त्र्यंबकला आकडा एकदम झकास दाखवतो आणि पान काही उघडत नाही, कारण सिग्नल आहे पण टॉवरवर माणसं मावत नाहीत. इथं अँटेना, राउटर, काही उपयोगाचं नाही, फक्त लांब जायचं किंवा पहाटे काम उरकायचं. सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये आहेत, जादा टॉवर, फिरते टॉवर लागतील तेव्हा लागतील, पण ज्यांना ऑफिसचं काम करत त्या दिवसांत यायचंय त्यांनी मुक्काम त्र्यंबक रोडला न ठेवता चांदवड-सटाण्याकडं ठेवावा आणि स्नानाला सुट्टी टाकून बसने यावं.