चौसष्टपट चुकलेला चेंडू

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यावर तीन मिनिटांची फिल्म करायची आणि गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते (साधारण ९.८), पुस्तकातून न उचलता हातातून सोडलेल्या चेंडूच्या स्वतःच्या फुटेजमधून काढायचं, एवढीच अट.

पहिला टेक वर्गात घेतला नि वाया गेला. स्लो मोशनमध्ये, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेमवर, चोकवाली ट्यूबलाइट लुकलुकते; वीज ५० हर्ट्झची, प्रकाश सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. मग सगळी वरात मैदानावर, उन्हातल्या भिंतीपाशी. ऊन असलं की शटर १/१००० सेकंदावर ठेवता येतं. १/६० वर खाली येता येता चेंडूचा नऊ सेंटिमीटरचा फराटा उठतो, कडा सापडत नाही.

फोन स्टँडवर, भिंतीपासून तीन मीटर. मोजायची टेप भिंतीला चिकटवलेली. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये 'ई' दाबत चेंडू सुटल्यापासून एकेक फ्रेम मोजली: १३३. टेपवर अंतर १.८ मीटर. फाइल सेकंदाला ३० फ्रेमने चालते म्हणून पोरांनी वेळ काढायला १३३ ला ३० ने भागलं आणि सूत्रात घातलं: अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. उत्तर ०.१८!

"सर, चंद्रावरबी १.६ असतंय की. ह्यो चेंडू हाय का पीस?"

तेव्हा मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावाचा, कोल्हापूरचा, उपयोग झाला. मूकपटांचा कॅमेरा हँडल फिरवून चालायचा. हँडल भरभर फिरवलं आणि पडद्यावर नेहमीच्या वेगानं दाखवलं, की माणसं संथ चालायची. भागायचं ते शूटिंगच्या वेगानं, दाखवायच्या नव्हे. वेळ आठपट चुकली होती, उत्तर मात्र चौसष्टपट. सूत्रात वेळेचा वर्ग का आहे, हे फळ्यावर इतकं पटत नाही.

दुरुस्त उत्तर ११.७. आता जास्त! चेंडू भिंतीच्या अर्धा मीटर पुढे पडत होता, कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर. त्यामुळे खरे दीड मीटर मागच्या टेपवर १.८ दिसले. समरूप त्रिकोण, तीन भागिले अडीच. ही चूक जवळपास प्रत्येक गट करतो, आणि आम्ही आधी सांगत नाही. टेप काठीला बांधून चेंडूच्या रेषेत उभी केली, तेव्हा ९.७७ आलं.

निवेदन मराठीच्या तासाला लिहिलं. मिनिटाला शंभरेक शब्द धरले, तरी पहिला मसुदा सातशेचा. कापाकापीत निम्मी विशेषणं गेली, ०.१८ मात्र पोरांनी सोडलं नाही.

शेवटचा वाद हात नेमक्या कोणत्या फ्रेमला सुटला याचा. एक फ्रेम कमी धरली तर ९.९२ येतं. एकमत होईना, म्हणून पडद्यावर दोन्ही आकडे ठेवले.