आईचा कोथरूडचा फ्लॅट विकताना: एजंट घ्यायचा की नाही

रिसेलचा फ्लॅट विकायचा म्हटलं की घरात पहिला विषय निघतो तो ब्रोकरेजचा. दादा अमेरिकेत असतो, त्याचं म्हणणं हल्ली सगळं ऑनलाइन होतं मग एजंटला लाख दीड लाख कशाला द्यायचे, आणि आईचं एकच, की रोज उठून अनोळखी माणसं घरात नकोत. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी आधी एक केलं, एजंट नेमकं काय काय करतो ती कामं सुटी सुटी करून बघितली. मला अजूनही वाटतं की घर विकणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच, नाहीतर चर्चा नुसती टक्क्यांवरच फिरत राहते.

टक्क्यांचं आधी सांगते. पुण्यात रिसेलला विकणाऱ्याकडून १ ते २ टक्के घेतात आणि घेणाऱ्याकडून वेगळे. ९० लाखांचा व्यवहार धरला तर २ टक्क्यांचे १ लाख ८० हजार, आणि एजंट जीएसटीत रजिस्टर्ड असेल तर त्यावर १८ टक्के म्हणजे अजून ३२,४००. रक्कम मोठी आहे, दादा म्हणतो त्यात चूक काहीच नाही.

आता कामं. पहिलं काम रेट सांगायचं. यासाठी एजंटची गरज मला तरी वाटत नाही, कारण नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस नंबर (शहरातल्या जमिनीचा नंबर) टाकला की इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, दिसतो आणि त्यात मोबदल्याची रक्कम चक्क लिहिलेली असते. आपल्याच बिल्डिंगमधला, शेजारच्या सोसायटीतला फ्लॅट कितीला रजिस्टर झाला ते घरबसल्या कळतं. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर दिसतात त्या मागितलेल्या किमती, मिळालेल्या नाही, हे लक्षात ठेवायचं. फक्त कोथरूडसारख्या भागात एक गोष्ट इंडेक्स टू मध्ये नसते ती म्हणजे रिडेव्हलपमेंटची. जुनी बिल्डिंग असली की येणारा प्रत्येक जण विचारतो, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, बिल्डर कोण बघून गेलाय, किती जागा वाढवून देणार. यातलं खरं किती नि हवेतलं किती हे त्याच गल्लीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एजंटला बरोबर माहीत असतं.

दुसरं काम कागदपत्रांचं, आणि ते एजंटकडे द्यायचंच नाही असं माझं ठाम मत आहे. ते वकिलाचं काम. आमचा फ्लॅट आई-बाबांच्या दोघांच्या नावावर होता, बाबा गेल्यावर आई नॉमिनी म्हणून सोसायटीच्या रेकॉर्डला लागली आणि सगळ्यांना वाटलं झालं काम. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, बाबांच्या हिश्शात आई, दादा आणि मी तिघांचा वाटा येतो. एजंट म्हणत होता की दादाकडून पॉवर ऑफ ॲटर्नी मागवा, बास. वकिलांनी मात्र नीट समजावलं की दादा एनआरआय मालक म्हणून व्यवहारात राहिला तर त्याच्या हिश्शावर घेणाऱ्याला १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापून चालणार नाही, लॉन्ग टर्मला, म्हणजे घर बरीच वर्षं मालकीचं असेल तर, साडेबारा टक्के आणि वर सरचार्ज-सेस असा कापावा लागतो, आणि हे ऐकलं की निम्मे खरेदीदार तिथूनच परत जातात. दादा दिवाळीला आला तेव्हा आम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र रजिस्टर करून दिलं, तिला पैसे लागणार आहेत, आम्हाला त्यातलं काही नकोच होतं. मग सगळं एकदम सोपं झालं, मालक एकटी आई. ५० लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून घेणारा १ टक्का टीडीएस कापून तिच्या पॅनवर भरणार, संपलं.

तिसरं काम घर दाखवायचं. सगळ्यात कंटाळवाणं हेच वाटतं पण माझ्या मते एजंटचे पैसे खरे इथे वसूल होतात. आई एकटी राहते, गुडघे दुखतात, दारात येणारा कोण कुठला तिने कसं ओळखायचं? मी नोकरी सोडून दरवेळी वारज्याहून येऊ शकत नाही. आधी आम्ही पोर्टलवर स्वतःच टाकलं होतं, ब्रोकरने फोन करू नये असं स्पष्ट लिहून, तरी निम्म्याच्या वर फोन एजंटचेच, "मॅडम माझ्याकडे पार्टी रेडी आहे" म्हणून. आणि अजून एक, घेणारा माणूस मालकासमोर खरं बोलत नाही, छान आहे हो घर म्हणतो, चहा पितो आणि जातो. किचन अंधारं वाटलं, लिफ्ट नाही म्हणून सासऱ्यांना जमणार नाही, हे तो एजंटला खाली पार्किंगमध्ये सांगतो. ते आपल्यापर्यंत पोचलं तर ट्यूबलाइट बदलता येते, नाहीतर नुसती वाट बघत बसायचं.

चौथं काम टोकननंतरचं. टोकन (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) आलं की लोकांना वाटतं घर विकलं गेलं, खरी धावपळ तिथून सुरू होते. घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युएशनवाला येणार, मग मंजूर नकाशा द्या, कम्प्लिशन सर्टिफिकेट द्या, शेअर सर्टिफिकेट द्या, सोसायटीची एनओसी द्या, सेक्रेटरी गावाला गेलेले. (सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करायचे पैसे, महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर मागू शकत नाही, डोनेशनच्या नावानेही नाही, हे तोंडपाठ ठेवा.) या काळात दोन्हीकडे रोज फोन करत राहणारा माणूस लागतो. आमच्या एजंटने हे काम फार मनापासून केलं.

पण किमतीची बोलणी मात्र आम्ही स्वतः केली आणि तुम्हीही करा असं आग्रहाने सांगेन. साधा हिशोब आहे, किंमत २ लाखांनी कमी झाली तर आपले २ लाख जातात, १ टक्केवाल्या एजंटचे जातात २ हजार. व्यवहार लवकर होण्यात त्याचा फायदा जास्त, किंमत वाढण्यात कमी. यात तो माणूस वाईट असतो असं अजिबात नाही, टक्केवारीची रचनाच तशी आहे.

एजंटशिवाय जमतच नाही असंही नाही. माझ्या मामेबहिणीने पिंपळे सौदागरचा फ्लॅट भाडेकरूलाच विकला, घर त्याचं बघितलेलं, सोसायटी माहितीतली, दोघांनी आपापला वकील केला आणि काम झालं. भाडेकरू, शेजारी, सोसायटीतच मुलासाठी दुसरा फ्लॅट शोधणारे काका, अशी माणसं असतील तर आधी त्यांना विचारा. आम्हीही सोसायटीच्या ग्रुपवर आधी टाकलं होतं, तिथून कोणी आलं नाही म्हणून एजंटकडे गेलो.

त्याच्याशी ठरवलं ते असं, १ टक्का, एकच एजंट, ठरावीक मुदत, सोसायटीतला किंवा आमच्या ओळखीचा कोणी आला तर ब्रोकरेज नाही, आणि निम्मे पैसे करारनामा रजिस्टर झाल्यावर, उरलेले बँकेचं पेमेंट आईच्या खात्यात येऊन चाव्या दिल्यावर. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून त्याच्याकडून ओके घेतलं. ओरिजिनल कागद त्याच्याकडे एकदाही दिले नाहीत, बघायचे असतील तर वकिलांच्या ऑफिसला या. आणि थोडी रोख चालेल का हे विचारणाऱ्याला घर दाखवायचंच नाही हेही आधीच सांगून ठेवलं होतं, आईच्या म्हातारपणाचे पैसे आहेत ते, पूर्ण चेकनेच आले पाहिजेत.