हिवाळ्यात मस्टँग? येडा झालायस का!

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की हा प्रश्न सुरू होतो. ऑफिसात, इथल्या मराठी मंडळात, कोल्हापूरहून येणाऱ्या फोनवर, सगळीकडे तोच. "ही गाडी तू बर्फातपण चालवतोस?" चालवतो बाबांनो, रोज चालवतो. घर अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळ नोवायला, ऑफिस वॉरनच्या बाजूला, आय-६९६ हायवेवरून एका बाजूचे २८ मैल म्हणजे ४५ किलोमीटर. हिवाळ्यापुरती वेगळी गाडी ठेवावी एवढी आपली ऐपत नाही आणि गॅरेजमध्ये जागापण नाही. घरात दुसरी गाडी आहे ती बायकोची, आणि तिला तिच्या ऑफिसला जायचं असतं.

तर आपली गाडी म्हणजे २०१६ची फोर्ड मस्टँग जीटी, स्पोर्ट्स कार, लाल, मॅन्युअल गिअरची. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४३५ हॉर्सपॉवर, आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. पुढची चाकं फक्त वळायला. भारतात ही २०१६ लाच पहिल्यांदा आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख होती, ते वाचून मी पुण्यातल्या पीजीमध्ये बसून नुसता सुस्कारा सोडला होता. इथे २०१८च्या उन्हाळ्यात दोन वर्षं वापरलेली मिळाली, नव्या टोयोटा कॅमरीच्या, म्हणजे साध्या घरगुती गाडीच्या भावात. सगळे म्हणाले कॅमरी घे. नाही घेतली. आणि खरं सांगायचं तर मस्टँग ही मिशिगनचीच लेक आहे, आमच्या घरापासून पाऊण तासावर फ्लॅट रॉकला बनते, तिला काय बर्फाचं नवल!

नवल तिला नव्हतं, मला होतं.

आधीच्या मालकाने १९ इंची रिम आणि रुंद समर टायर बसवलेले. ऑक्टोबरपर्यंत असली मजा की विचारू नका. नोव्हेंबरात एका सकाळी पहिला बर्फ पडला, फार नाही, बोटभर असेल. अपार्टमेंटच्या पार्किंगमधून रस्त्याकडे जाताना एक चढ होता, चढ कसला, आपल्याकडे त्याला कुणी चढ म्हणणार नाही, घरासमोरची फरशी जरा तिरकी असते ना तेवढा. गाडी अर्ध्यात गेली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी आणखी ॲक्सिलेटर दिला, चाकं आणखी फिरली, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे यायला लागली. ४३५ घोडे आणि एकाच्याही पायात नाल नाही!

शेजारच्या बिल्डिंगमधले एक आजोबा कुत्रा फिरवत होते. कारखान्यातून रिटायर झालेले, इथे दर तिसरा म्हातारा कुठल्यातरी गाडीच्या कारखान्यातून रिटायर झालेला असतो. ते आले, खाली वाकले, टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून बघितलं आणि मान हलवली. मलापण म्हणाले बघ. बघितलं तर रबर कुठलं, लाकूड झालेलं. समर टायरचं रबर साधारण ७ डिग्री सेल्सिअसच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं, आणि फारच गोठलं तर गाडी नुसती हलवली तरी त्याला तडे जाऊ शकतात. म्हणजे बर्फ असो नसो, थंडीच त्या टायरला चालत नाही. हे मला गाडीच्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्या इंजिनिअरला कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांनी शिकवलं. त्या दिवशी उबर करून ऑफिसला गेलो आणि डेस्कवर बसल्या बसल्या पहिलं काम टायर शोधायचं केलं.

विंटर टायर हा प्रकार आपल्याकडे बघायलाच मिळत नाही म्हणून सांगतो. बाजूला तीन शिखरांच्या डोंगराचं आणि आत बर्फाच्या फुलाचं चिन्ह असतं. रबर थंडीतही मऊ राहतं, आणि टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक बारीक नागमोडी चिरा असतात, त्या चिरा बर्फ धरतात. आणि गंमत म्हणजे इथे रुंद टायर नको असतो, अरुंद हवा. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद आत घुसून खालचा रस्ता शोधतो. म्हणून मी १८ इंची जुन्या रिम घेतल्या, त्यावर २३५ मिलिमीटर रुंदीचे टायर, सगळे मिळून ९०० डॉलरच्या आसपास गेले. गाडी दिसायला थोडी बारीक झाली, पैलवानाला शाळेचे बूट घातल्यासारखी. दिसू दे. नदी-सरोवरं ओलांडून तिकडे कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लावावे लागतात. मिशिगनमध्ये असला कायदा नाही, त्यामुळे इथे अर्धी जनता वर्षभर एकाच टायरवर फिरते आणि मग बर्फाला शिव्या घालते.

टायर बदलल्यावर त्याच चढावर गाडी अशी चढली जशी काही झालंच नव्हतं. मग मला वाटलं झालं, जिंकलं. इथेच माणूस फसतो.

आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी, म्हणजे आंबा घाट हा त्यांचा रोजचा रस्ता. लहानपणी सुट्टीत मी बॉनेटच्या बाजूला बसून जायचो. जुलैच्या पावसात, समोर दोन हातावरचं दिसत नाही अशा धुक्यात, त्यांचं एकच वाक्य, "ब्रेकवर उतरवतो तो ड्रायव्हर न्हवं, गाडी गिअरवर उतरवायची." हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं बसलंय की अजून मी सपाट रस्त्यावरपण सिग्नल बघितला की आधी गिअर उतरवतो.

डिसेंबर होता, संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे इथे कधीचाच मिट्ट काळोख झालेला. दिवसभर बर्फ वितळून परत गोठलेला. हायवेवरून एक्झिट घेतली, रॅम्प उजवीकडे गोल फिरत खाली जातो. वेग जास्त नव्हता, पंचवीस मैल असेल. रस्ता नुसता ओला, काळा दिसत होता. मी सवयीने तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच सोडला. झालं! इंजिनने मागची चाकं एकदम धरली, कुणीतरी फक्त मागचा ब्रेक दाबावा तसं, आणि गाडीची मागची बाजू डावीकडे निघाली. आवाज नाही काही नाही. हेच विचित्र असतं बघा, डांबरावर गाडी घसरली की टायर किंचाळतात, तुम्हाला कळतं. बर्फावर सगळं एकदम शांत होतं, मांजराच्या पावलांनी गाडी आडवी होते. मला रॅम्पचं कठडं खिडकीतून समोर दिसायला लागलं, म्हणजे पुढच्या काचेतून नाही, ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीतून! हाताने काय केलं ते मला आठवत नाही, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं असणार, गाडीतल्या स्टॅबिलिटी कंट्रोलने खटखटखट करून एकेक चाक धरायचा प्रयत्न केला, तो आवाज मात्र आठवतो. आणि शेवटी गाडी रॅम्पच्या कडेला प्लाऊने सारून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात फसकन जाऊन बसली. ओरखडापण नाही. मी पाच मिनिटं तसाच बसून होतो, वायपर चालू, पाय थरथरतायत.

रात्री घरी फोन केला. तिकडे सकाळ. आईला काही सांगितलं नाही, बाबांना फोन द्यायला लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आणि शांतपणे विचारलं, "क्लच दाबला न्हाईस व्हय?"

नव्हता दाबला.

"आरं घाटात लाल चिखल असला की गाडी गिअरवर धरत न्हाईत. चाक सुटलं की क्लच दाबून मोकळं सोडायचं, त्याचं त्ये परत धरतंय. तुला कवा सांगितलंच न्हाई का मी?"

नाही बाबा, अर्धंच सांगितलं होतं. आणि बघा, हेच इथल्या विंटर ड्रायव्हिंगच्या क्लासात पैसे घेऊन शिकवतात. चाक फिरलं पाहिजे तर पकड येते, इंजिन जर त्याला ओढत असेल तर क्लच दाबून त्याला सोडवा, आणि नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवा, कठड्याकडे नाही. त्या रविवारी सकाळी सहा वाजता एका बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन मी दोन तास मुद्दाम गाडी घसरवली आणि सावरली, घसरवली आणि सावरली. आता दरवर्षी पहिला मोठा बर्फ पडला की जातो. बायको म्हणते तू याला प्रॅक्टिस म्हणतोस, चेहरा बघ आधी तुझा.

बाकी रोजचं चालवणं मग बोअर आहे, खरंच. स्नो/वेट नावाचा मोड आहे तो लावायचा, त्यात ॲक्सिलेटर मंद होतो. निघताना पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं म्हणजे चाकांवर झटका कमी येतो. पुढच्या गाडीपासून चौपट अंतर. डिकीत दोन वाळूच्या पिशव्या, मागच्या चाकांवर वजन म्हणून, फसलोच तर चाकाखाली टाकायला पण होतात. आणि पायाखाली अंडं ठेवलंय असं समजून सगळं करायचं.

पण थंडी स्वतः वेगळी भानगड आहे. जानेवारी २०१९, माझा पहिलाच हिवाळा आणि पोलर व्होर्टेक्स आला, म्हणजे ध्रुवावरची गोठवणारी हवा खाली उतरली. डेट्रॉइटला उणे २५ सेल्सिअसच्या आसपास. एका गॅस स्टेशनला आग लागली (पेट्रोल पंप नव्हे, पाइपलाइनचा गॅस पुढे ढकलतात ते) तर रात्री सगळ्यांच्या फोनवर एकदम भोंगा वाजला, गॅस वाचवायला घरातला थर्मोस्टॅट ६५ फॅरनहाइटवर, म्हणजे १८ सेल्सिअसवर उतरवा म्हणून. अशा सकाळी मी गाडीकडे गेलो. मस्टँगच्या दाराला काचेभोवती फ्रेम नसते. दार उघडलं की काच आपोआप थोडी खाली सरकते आणि दार लावलं की वर जाऊन रबरात बसते, उन्हाळ्यात लई भारी दिसतं ते. उणे पंचवीसमध्ये काच रबराला गोठून चिकटलेली. हँडल ओढलं, मोटर नुसती कण्हली, काच खाली आलीच नाही. मी आपला देशी माणूस, जोर लावून दार ओढलं, उघडलं कडकन. आत बसलो आणि दार लावतो तर लागेना! काच वरच अडकलेली, दार लावलं तर काच छताच्या पट्टीवर आपटणार. मग काय, डाव्या हाताने दार धरून, हीटर फुल्ल करून वीस मिनिटं बसलो. बोटं अशी झाली की मला वाटलं आता ही काही परत मिळत नाहीत. आता डिसेंबरच्या सुरुवातीला सगळ्या रबरांना सिलिकॉन ग्रीस चोळतो, आपण सायकलच्या चेनला तेल घालायचो त्या भक्तिभावाने.

आणि मीठ. बर्फ परवडला पण मीठ नको. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १२०० फूट खाली मिठाची खाण आहे, खरोखरची, शंभरेक वर्षं जुनी, आणि तिथलं मीठ रस्त्यांवर टाकायला जातं. मिठाने बर्फ वितळतो, पण उणे दहाच्या खाली त्याचाही जीव संपतो. बर्फ पडायच्या आधीपासून ट्रक मीठ पेरत जातात, चवीपुरतं नाही, पोत्यांनी. आपल्याकडे माणसं खाल्ल्या मिठाला जागतात, इथे मीठच गाडीला खातं. दहा-बारा वर्षांच्या गाड्यांच्या चाकांवरचा पत्रा बघा, बिस्किटासारखा चुरा झालेला असतो. माझी लाल गाडी जानेवारीत राखाडी असते, पँटचा पाय तिला घासला की पांढरी रेघ. त्यामुळे ऑक्टोबरात खालून सगळीकडे लॅनोलिनचं कोटिंग मारून घेतो, मेंढीच्या लोकरीतलं तेल असतं ते, आठवडाभर गाडीला धनगरवाड्याचा वास येतो. आणि पारा शून्याच्या वर गेला रे गेला की कार वॉशला जाऊन खालून धुऊन आणायची. शून्याच्या खाली धुतली तर परत ते दारांचं रामायण.

गेल्या संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम होता, सकाळपासून सात-आठ इंच पडलेला. हॉलच्या पार्किंगमध्ये शिरलो तर दोन-तीन काका लोक लगेच, "अरे, आणलीस का आजपण? परत जाताना ढकलायला बोलव हां." तिळगूळ घेतला, गोड बोललो. जाताना त्यातलेच एक काका, मोठी फोर व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, टायर मात्र बारमाही वापरायचे आणि झिजलेले, उतारावर ब्रेक दाबला तर गाडी तशीच सरळ घसरत जाऊन कर्बवर चढली. चार चाकांना ताकद असली तर निघायला मदत होते हो, थांबायला चारही चाकांना ब्रेक सगळ्यांनाच असतात, माझ्यापण आणि त्यांच्यापण. मी थांबलो, वाळूची पिशवी काढून दिली. काही बोललो नाही. काकूच बोलल्या, मी कशाला बोलू?

आईचं अजून म्हणणं आहे की मुलगी झालीय, आता तरी विक. मागची सीट म्हणजे तशी कल्पनाच आहे, चाइल्ड सीट बसवताना पाठ धरते. तो विषय घरात चालू आहे, निकाल लागलेला नाही.

यंदा मार्च संपता संपता ऊन पडलं, रस्ते कोरडे, शेजारणीच्या अंगणात ती जांभळी फुलंपण आली. मी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी उत्साहाने जॅक लावून विंटर टायर काढले, समर चढवले, वाळूच्या पिशव्या गॅरेजच्या कोपऱ्यात, गाडी दोनदा धुतली, पॉलिश केली. बुधवारी सकाळी पडदा सरकवला तर चार इंच. हे लिहितोय ते बायकोच्या गाडीत मागच्या सीटवर बसून, पुढच्या सीटवर तिची लॅपटॉपची बॅग आहे, ती म्हणाली तू मागेच बस, पोरीला सोडायचंय आधी.