लाल गालांचं जनुक

टोकियोत ऑफिसच्या पार्टीला गेलात तर पहिल्या बिअरनंतर टेबलाभोवतीचे चेहरे बघा. थोड्याच वेळात कित्येकांचे गाल, कान, मान लालबुंद. आमच्या साहेबांचे तर डोळेसुद्धा तांबारतात. माझ्या शेजारी बसणारा मुलगा शहाणा. तो ग्लासात बर्फ घालून ऊलाँग चहा घेतो. लांबून व्हिस्कीच वाटते, मग कुणी आग्रह करत नाही.

या मंडळींना चढलेली नसते. पोटात गेलेल्या दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. मग एएलडीएच२ नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. यांच्या एन्झाइममध्ये एकाच ठिकाणी ग्लुटामेट या अमिनो आम्लाऐवजी लायसिन बसलेलं असतं आणि तेवढ्यानं गाडी अडते. त्यात हे एन्झाइम चार तुकडे जुळून बनतं. त्यामुळे आई किंवा वडील, एकाकडूनच या जनुकाची बिघडलेली प्रत आली तरी बहुतेक जुळणीत एखादा तरी नासका तुकडा घुसतोच. विष साचतं, छाती धडधडते, मळमळतं. आपल्याकडे दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी हेच एन्झाइम बंद पाडते. (आमच्या गल्लीतल्या एक काकू ती नवऱ्याच्या आमटीत गुपचूप कालवायच्या. जिवावर बेतू शकतं, असलं काही करू नका.) इथे ती गोळी जन्मतःच पोटात.

हा बदल चीन, जपान, कोरियात भरपूर. युरोप-आफ्रिकेत जवळपास नाहीच, आपल्याकडेही विरळा. जपानी लोकांच्या जीनोममध्ये या भागात नैसर्गिक निवडीच्या खुणा सापडल्यात. निवड कशामुळे झाली यावर मात्र एकमत नाही. दारू पचवणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाबद्दल, एडीएच१बीबद्दल, सांगतात की भातशेती आली, तिच्यामागून तांदळाची दारू आली, आणि जे कमी प्यायले ते टिकले. मला ही गोष्ट जरा जास्तच गोंडस वाटते. ॲसिटाल्डिहाइडमुळे जंतुसंसर्गापासून बचाव होत असेल, असंही काही जण म्हणतात.

मला जास्त पटते ती १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली हिगुची आणि सहकाऱ्यांची आकडेवारी. जपानी मद्यपी रुग्णांत एक बिघडलेली प्रत असलेले १९७९ साली २.५ टक्के होते, १९८६ मध्ये ८ आणि १९९२ मध्ये १३. एवढ्याशा वर्षांत काही कुठल्या देशाची जनुकं बदलत नाहीत. बदलली ती पिण्याची रीत, आणि साहेबासोबत बसण्याची सक्ती. ‘भटकंतीचं जनुक’, ‘लढवय्यांचं जनुक’ असले मथळे दिसले की मी हे तीन आकडे काढून बघतो. वागण्याशी असलेला इतका सरळ संबंध दुसऱ्या फारशा जनुकांचा सापडत नाही, आणि त्यालाही ऑफिसच्या पार्ट्या पुरून उरल्या.

“रोज थोडी घे, सवय होते,” असं साहेब नव्या पोरांना सांगतात. सवय होते हे खरं, लालीही कमी होते. पण एन्झाइम होतं तसंच राहतं, विष साचतच राहतं. एक बिघडलेली प्रत घेऊन नेटानं पिणाऱ्यांनाच अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त असतो.