कुतचा वेढा आणि आपले मराठे

आज सुट्टीचा दिवस पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमिया (आजचा इराक) मोहिमेविषयी वाचण्यात गेला आणि मन अजूनही अस्वस्थ आहे. ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांच्या हिंदी सैन्यातील सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे या डिव्हिजनचे चार हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. त्यानंतर ती टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमाराकडे मागे हटली आणि ७ डिसेंबरपासून तुर्की वेढ्यात अडकली.

खरी हार रसदीत होती, असे माझे मत आहे. बसरा बंदरापासून कुतपर्यंतचा सारा भार नदीतल्या अपुऱ्या बोटींवर होता, आणि रणरणत्या वाळवंटातून वळणे घेत वाहणाऱ्या त्या नदीवरूनच जखमींनाही उपचारांविना, उघड्या डेकवर दाटीवाटीने खाली आणले जाई. वेढ्यात धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. धर्मश्रद्धेमुळे अनेक हिंदी सैनिकांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. बाहेरून सुटकेसाठी झालेल्या हल्ल्यांत सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले, तरी कुत सुटले नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. सामान्य शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकलत नेण्यात आले आणि त्यांतील हजारो परतलेच नाहीत. ही विषमता मला त्या पराभवापेक्षाही अधिक संतापजनक वाटते.